व्हर्नाची शेगडी आणि पिवळ्या भिंती

ऑरिन हॅस्केलचं पेलेटच्या शेगडीशी एकोणीस वर्षांत एक दिवस पटलं नाही. तो पडला लाकडं फोडणारा गडी. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या त्या करंगळीएवढ्या कांड्या, त्या दिसल्या की म्हणायचा, "ही शेगडी नव्हे, कोंबडी आहे. दाणे टाका, बटण दाबा आणि बसा बघत." त्याची पाठ धरली तेव्हा त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, जुनी लाकडाची शेगडी काढून ही आणली होती. भरायची तीच, साफ करायचीही तीच. हा आपला समोर खुर्ची टाकून पोटभर ऊब खायचा आणि वर नाक मुरडायचा!

एक गोष्ट मात्र तो कौतुकानं सांगायचा. शेगडी आली त्याच नोव्हेंबरात तो आठवडाभर हरणाच्या शिकारीला गेला होता. परतून बघतो तर बैठकीच्या भिंती पिवळ्याधमक! "मी येणार म्हणून बाईनं एकटीनं रंगवल्या," हे तो दरवर्षी शिकारीच्या कॅम्पवर सांगायचा. ऐकणाऱ्यांना ते आता पाठ झालं होतं.

यंदा जानेवारीत व्हर्ना पोस्टाच्या पायरीवर बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चालण्याचा सराव करायला तिला बँगोर शहरातल्या इस्पितळात ठेवलं. तीन आठवडे झाले. ऑरिन रोज सकाळी दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा.

रोज तिचा फोन. "राख काढतोस ना रे?"

"काढतो गं बाई."

साफ खोटं! पण आळसापोटी नव्हे हं, विद्वत्तेपोटी. आजोबांनी त्याला शिकवलं होतं, शेगडीत दोन बोटं राख राहू द्यावी, तिच्या गादीवर निखारा टिकतो. लाकडाच्या शेगडीत ते खरंच आहे, अमेरिकेतल्या या मेन राज्यात उत्तरेला कुणालाही विचारा. ऑरिननं तीच गादी पेलेटच्या शेगडीतही घातली आणि तीन आठवडे जपली. ज्योत आळसावली, काच काळी पडली. तो मनात म्हणाला, चला, मुरतेय.

शुक्रवारी सकाळी आठला शेगडी विझली. लाल दिवा लागला.

आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी तीनला नर्स घर बघायला यायची होती. घर उबदार आहे, फिरायला वाट मोकळी आहे, धुराचा धोका नाही, एवढं तिनं लिहून दिलं की व्हर्ना उद्या घरी. नाहीतर बँगोरची खाट दुसऱ्या कुणाला जाणार आणि व्हर्नाला आणखी महिनाभर कुठंतरी लांब धाडणार. ऑरिननं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बाहेर पाणी टाकलं तर जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी! त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

व्हर्नाला फोन करून विचारावं? छे! एकोणीस वर्षं कोंबडी म्हणून चिडवलं आणि आता कोणत्या तोंडानं विचारायचं? त्यानं शेजारच्या लुसिएनला हाक मारली.

लुसिएन आला, शेगडीचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "काय रे, आत कुणाला पुरलंयस?"

"ती राखेची गादी आहे."

"गादी! तूच झोप आता तिच्यावर. अरे लेका, तळाच्या भोकांतून हवा आली तर हिची ज्योत पेटते. सगळी भोकं बुजवलीस की तू!"

दोघं कामाला लागले. गार राख पत्र्याच्या डब्यात भरली. जळायच्या वाटीत राखेचा दगड झाला होता, तो पेचकसानं खरवडला. काच पुसली. अकरा वाजता शेगडी पेटवली. पाच मिनिटं पिवळट ज्योत फडफडली, आणि पुन्हा लाल दिवा.

"पाइप तुंबलाय," लुसिएन म्हणाला. "भिंतीतून बाहेर जातो तो. तुझी बायको दर महिन्याला पानं उडवायचा ब्लोअर घेऊन तिथं उभी असते. माझ्या खिडकीतून दिसते ना मला. राखेचा हा एवढा ढग!"

"आणि मी इतकी वर्षं समजत होतो, बर्फ उडवतेय."

"तू काय, पिवळ्या भिंती बघत बसला असशील."

शेगडी पुरती निवल्यावर ऑरिन ब्लोअर घेऊन बाहेर गेला. पाइपची टोपी काढली. लुसिएन आत उघड्या दारासमोर बसला, ब्रश हातात आणि तोंड पार शेगडीत. ब्लोअरला तोंडं दोन, एक फुंकायचं आणि एक ओढायचं. ऑरिननं फार विचार केला नाही. ब्लोअर म्हणजे फुंकणारच ना? त्यानं फुंकायचं तोंड पाइपला लावलं, भोवती जुना टॉवेल घट्ट गुंडाळला आणि खटका ओढला.

आत फट् असा आवाज झाला आणि पाठोपाठ फ्रेंचमधली एक कचकचीत शिवी ऐकू आली.

ऑरिन धावत आत आला. बैठक नाहीशी झाली होती. नुसता राखाडी धुरळा आणि मधोमध दोन डोळे.

"बंद केलास का?" डोळ्यांनी विचारलं.

"केला."

"मग आता मला मारू दे तुला."

पण मारामारीला वेळ कुठला? साडेबारा वाजले होते. खिडक्या उघडल्या, होती नव्हती ती ऊबही गेली. शेगडीचं दार लावून ऑरिननं ओढायचं तोंड पाइपला जोडलं, आणि ब्लोअरच्या दुसऱ्या तोंडातून असा काही राखेचा लोट निघाला की कुंपणापर्यंतचा बर्फ काळा झाला. कुठं दडली होती एवढी! दीड वाजता शेगडी पेटली. ज्योत पांढरी, ताठ, ऐटबाज. ऑरिन तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "शाब्बास, पोरी."

मग धांदल उडाली. गालिचा झाडला, खुर्च्या झटकल्या. भिंतींवर ऑरिननं ओलं फडकं मारलं आणि तिथंच घोळ झाला. कोरडी राख झटकून गेली असती, ओली फासली गेली. पिवळ्यावर करडे पट्टे, हात फिरला तसे.

तीनला नर्स डार्लीन आली. वाट पाहिली, पायऱ्या पाहिल्या, धूर झाला की वाजणारी छताची घंटा वाजवून पाहिली. भिंतींकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ऑरिनकडं.

"मिस्टर हॅस्केल, तुमचे केस मुळात कोणत्या रंगाचे?"

"पांढरे."

"बरं." तिनं शेगडीपुढं हात धरला, काहीतरी लिहिलं. "घर उबदार आहे. उद्या घेऊन या त्यांना. आणि आधी आंघोळ करा, नाहीतर ओळखायच्या नाहीत."

तिची गाडी वळेपर्यंत ऑरिन दारात उभा होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. राख गेली डोळ्यात, असं तो लुसिएनला म्हणाला, आणि लुसिएननंही ते मान्य केलं.

शनिवारी लुसिएनच्या गाडीतून व्हर्ना आली. वॉकर टेकत आत शिरली, स्वयंपाकघरात शिजणाऱ्या घेवड्याचा वास घेतला, खुर्चीत बसली. आधी शेगडी बघितली. मग भिंती. मग बराच वेळ नवरा.

"कुठलं तोंड लावलंस?"

लुसिएन छताकडं बघायला लागला.

"अरे, मीही तेच लावलं होतं," व्हर्ना म्हणाली. "पहिल्याच महिन्यात. तू शिकारीला गेला होतास म्हणून वाचले. चार दिवस पुसत होते, भिंती अशाच झाल्या. शेवटी गेले आणि पिवळा रंग घेऊन आले."

लुसिएननं खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं. हसून हसून त्याला उभं राहवेना.

ऑरिनला हसू आलं नाही. "म्हणजे... मी येणार म्हणून नव्हत्या रंगवल्या?"

"तू येणार म्हणूनच की. तुला कळलं असतं तर कोंबडी दुसऱ्या दिवशी अंगणात फेकली असतीस. आणि मग पाठ मोडून घेत पुन्हा लाकडं फोडायला गेला असतास. ते मला नको होतं."

ऑरिन तिच्या शेजारी बसला. एकोणीस वर्षं कॅम्पवर सांगितलेली गोष्ट त्यानं मनात एकदा उलटसुलट करून पाहिली. ती मोडली नव्हती. उलट आता जास्त बरी वाटत होती.

"बोल, आता कोणता रंग?" तिनं विचारलं.

"पिवळाच. बायको घरी आली म्हणून रंगवलं, असं सांगेन सगळ्यांना."

"सांग की," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या कानामागची राख बोटानं पुसली. "राखेचं तेवढं सांगू नकोस. मी कुठं सांगितलं होतं?"