मागच्या भिंतीला टेकलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे. हसू नका मित्रांनो! माझी उंची अंगठ्याएवढी, वय अजून दोन वर्षंसुद्धा नाही, पण आम्हा फ्लूच्या लशींमध्ये एक हंगाम सरला की म्हातारपणच येतं. का येतं ते सांगते, सगळं सांगते, फक्त मध्येच उठून जाऊ नका. इथे दवाखान्याच्या फ्रिजच्या डोक्यावर माझ्याशी बोलायला कोणीच नसतं.

माझ्या पोटात जी लस होती ना, तिची सुरुवात अंड्यात झाली. खरंच, कोंबडीच्या अंड्यात! त्याआधी काय होतं, तर ठिकठिकाणचे डॉक्टर खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसांच्या नाकातला शेंबूड तपासत बसतात आणि येत्या हंगामात कुठला फ्लू येईल याचा अंदाज बांधतात. मग तो विषाणू अंड्यात सोडतात. कवचाला बारीकसं भोक, आत एक टिपूस, भोक बंद, आणि अंडी उबदार खोलीत. विषाणूला वाटतं, वा, सासुरवाडीलाच आलो! खातो-पितो, एकाचे लाखो होतात. आणि मग जावईबापूंचा पाहुणचार संपतो. अंडी गार करतात, आतलं पाणी काढून गाळतात, औषध घालून विषाणू मारून टाकतात, त्याचे तुकडे तुकडे करतात, स्वच्छ धुतात. त्याचे मोजके थेंब माझ्या पोटात आले. एका माणसापुरते, बस्स.

कारखान्यात शेवटी एक बाई होती. ती प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून बघायची, आत कचरा आहे का, काचेला तडा आहे का. मला तिने दोनदा फिरवलं आणि हळूच म्हणाली, "जा गं बायो, कोणाच्या तरी कामाला ये." इतक्या जवळून माझ्याकडे तोवर कोणी बघितलंच नव्हतं. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

मग थंड पेटीतून प्रवास, आणि मग हा दवाखाना. आम्ही बहिणी एका खोक्यात दाटीवाटीने उभ्या होतो. सिस्टर फ्रिजचं दार उघडायच्या आणि एकीला उचलायच्या. बाहेरून "आई गं!" ऐकू यायचं, मग हसणं, आणि आमची ती बहीण काही परत यायची नाही. आम्हाला आनंद व्हायचा. पण खोकं मोठं मोठं होत गेलं, आणि एक दिवस त्यात मी एकटीच उरले.

मी उरले ती शिंपीमास्तरांसाठी. मास्तरांचं दुकान समोरच होतं. वय सत्तरीच्या पुढे, छाती अधू, आणि घरात नुकतीच जन्मलेली नात. एवढ्या लहान बाळाला फ्लूची लस देता येत नाही, सहा महिने थांबावं लागतं. म्हणून तिच्या आईने घेतली, बाबांनी घेतली. राहिले आजोबा. तेच तिला दिवसभर मांडीवर घेऊन बसायचे, आणि तेच येत नव्हते.

"मास्तर, जन्मभर सुई हातात, आणि एका सुईला घाबरता?" सिस्टर दारातूनच ओरडायच्या.

"ती मी दुसऱ्याच्या कापडात घालतो, बाई! स्वतःच्या अंगात नाही."

"नात काय म्हणेल?"

"तिला बोलता कुठे येतंय अजून?" मास्तर म्हणायचे. आणि मग, "लस घेऊनच ताप येतो म्हणतात."

तेव्हा सिस्टरनी समजावलेलं मी दार उघडं होतं म्हणून ऐकलं. त्या म्हणाल्या, "फ्लू हा चोर आहे, मास्तर. दरवर्षी नवा सदरा शिवून येतो. आम्ही चोर आत सोडत नाही, मेलेल्या चोराच्या सदऱ्याचे तुकडे तेवढे दाखवतो. शरीरातले शिपाई ते बघून ठेवतात. दोनेक आठवड्यांत तयार होतात. खरा चोर आला की त्याच सदऱ्यावरून धरतात. एखादा दिवस दंड दुखेल, अंग कसकसेल, तो शिपायांचा सराव. मेलेला चोर काय चोरी करणार?"

"म्हणजे कापडाचा नमुना दाखवता होय!" मास्तर म्हणाले. "आणि सदरा बदलला की जुना नमुना फुकट."

"म्हणून तर दरवर्षी नवी लस. आणि कधी कधी नमुना थोडा चुकतोही. तरी आजार बेताचा होतो."

मास्तरांना पटलं. "उद्या येतो," म्हणाले. पण त्यांचं उद्या तुमच्या अभ्यासासारखं होतं, मित्रांनो.

एकदा घाईगर्दीत कंपाउंडर मला दुसऱ्याच कोणाला तरी देणार होते. सिस्टर धावत आल्या. "ही मास्तरांची! आता नवा साठा नाही येणार. हिला हात लावायचा नाही." आणि मला जपण्यासाठी त्यांनी मला फ्रिजच्या अगदी मागे, इतर औषधांच्या आड लपवलं. मागच्या भिंतीला टेकवून.

त्यांनी मायेनेच केलं हो. पण त्या भिंतीला बर्फ धरायचा.

आधी नुसता गारवा लागला. मग बोचायला लागलं. मग माझ्या पोटातलं पाणी कडेकडेने घट्ट होत गेलं. पुढे दार उघडत होतं, उजेड येत होता, माणसं बोलत होती, आणि मला हाक मारता येत नव्हती. आम्हा लशींना थंडावा लागतो, मित्रांनो, पण गोठलो की संपलो.

आणि मी गोठले, नेमके त्याच सकाळी मास्तर आले! बाही वर गुंडाळूनच.

"बाई, लवकर टोचा. घरून इथवर डोळे मिटूनच आलोय."

सिस्टर हसत हसत आत आल्या, मला काढलं, आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी मला कलती केली. आतलं काहीच हललं नाही.

"मास्तर... ही गोठली. मीच मागे ठेवली."

"मग वितळवा की! उन्हात धरा. मी काय बर्फाचा गोळा खात नाही का?"

सिस्टरनी मला मुठीत धरलं. मी वितळायला लागले. किती छान वाटलं सांगू! पाणी पुन्हा नितळ झालं, अगदी पहिल्यासारखं. मास्तर म्हणाले, "बघा, झाली की नाही? बाई, आज नाही तर मी परत येणार नाही. मला माझी खात्री नाही."

सिस्टरनी मला उजेडासमोर धरून बघितलं. मलाही वाटत होतं, द्या ना, द्या मला! कोणाच्या तरी कामाला यायचं होतं मला.

"हिची ताकद गेलीय ते तुम्हाला कळणार नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "मलाही दिसत नाही. पण फ्लूला कळेल. आणि मांडीवर नात असेल."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं, फोन लावला, पुलापलीकडच्या दवाखान्यात एक लस उरली होती. मग मास्तरांचा हात धरला, अगदी लहान मुलाचा धरतात तसा, आणि दोघं निघून गेले. मागे वळून माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. खोलीत पंखा फिरत होता.

परत आल्यावर सिस्टर कंपाउंडरना सांगत होत्या, "टोचून झालं तरी डोळे मिटून विचारतात, कधी टोचणार?" दोघं खूप हसले. मग त्यांनी माझं पोट रिकामं केलं, मला उकळून धुतलं, लाल फुली मारली आणि इथे वर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर टेप घेऊन आले, फ्रिजच्या मागच्या भिंतीपासून चार बोटं मोजली आणि तिथे जाळीच्या कप्प्याला एक लाल फीत ताणून शिवून दिली. "याच्या पलीकडे कोणाला लपवायचं नाही, बाई. मायेनेसुद्धा नाही."

आता नवा हंगाम आलाय. फ्रिजमध्ये नव्या बहिणी आहेत, नवा नमुना घेऊन आलेल्या. त्या फितीच्या अलीकडे उभ्या असतात आणि मला ओळखत नाहीत. नवी सिस्टर आली की मला खाली काढून दाखवतात, 'ही अशी गोठली' म्हणून, मग पुन्हा वर.

काल मास्तर आले होते, नातीला घेऊन. ती आता लस घेण्याएवढी झालीय. रडू नये म्हणून त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिलं. इवलीशी ओली मूठ, आणि इतकी गरम! तिने मला लगेच तोंडाकडे नेलं, आणि सिस्टरनी झटकन काढून घेतलं.

मित्रांनो, कोणाला जपायचं असेल तर आडोशाला ठेवून विसरू नका, अधूनमधून दार उघडून बघा. आणि ज्याने तुमच्यासाठी वाट बघितलीय, त्याला 'उद्या येतो' म्हणू नका.

मला फक्त त्या दिव्यासमोरच्या बाईंना एक विचारायचं होतं. बाई, मी आले का हो कोणाच्या कामाला?