एकच लाइन

“आई, रिसिव्हर उचलू नका!” सुवर्णा ओरडली, पण पुढच्या खोलीत सासूबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, तो उचललेला होता.

स्क्रीनवरचा कर्सर थिजला. नेट तुटलं.

“तुटलं का गं? नुसतं कानाला लावून पाहिलं. मैनाला पहाटं दवाखान्यात नेलंय देवळ्याला. माज्या पोरीचा काय निरोप नाय अजून.”

गिऱ्हाइकांच्या साइट्स ज्यावर चालायच्या तो सर्व्हर अमेरिकेत, ती सिडकोतल्या दोन खोल्यांत आणि मध्ये घरातली ही फोनची एकच लाइन.

चूक तिचीच होती. सेटिंगच्या फाइलीत काही बदललं की आधी ती तपासायची, मगच सर्व्हर बंद करून चालू करायचा. ऑफिसात नव्या मुलींना हे तीच शिकवायची. आज मांडीवरचा लेक समर्थ तापाने फणफणलेला, क्षणभर खाली राहीना. तिने न तपासताच एका हाताने कमांड दिली. सर्व्हर बंद झाला, चालू होईना. फाइल उघडून बघते तर मधल्याच ओळीत भलती अक्षरं. समर्थची मूठ कीबोर्डवर पडली होती. त्याचं हे पहिलंच लिहिणं. तिने ते खोडलं. आता फक्त चालू करायचं, तेवढ्यात हे.

द्राक्षवाल्यांची, पैठणीवाल्यांची, सगळ्यांच्याच साइट्स बंद. “घरून काम ही शेवटची सवलत, मॅडम,” अमोल सर परवाच म्हणाले होते. “पुन्हा साइट पडली तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.” नवऱ्याची सातपूरची कंपनी तर दिवाळीपासून बंदच.

ती डायल करत राहिली. मोडेम किंचाळायचं, गप्प व्हायचं. लाग रे बाबा, एकदा लाग.

“आता हात बी लावत नाय मी,” चंद्रभागाबाई दारातूनच म्हणाल्या. पदराचं टोक मुठीत आवळलेलं.

लागलं. तिने पासवर्ड टाकला. नाकारला. मग सावकाश, एकेक अक्षर बघून टाकला. नाकारला.

तिने दुसऱ्या खिडकीत साइट उघडली. द्राक्षांचा घड वरून खाली हळूहळू उमटत आला. सर्व्हर चालू होता. ऑफिसातल्या कुणीतरी तो चालू करून, पासवर्ड बदलून, तिला बाहेर ठेवून, आतून कडी लावली होती.

समर्थला झोप लागली होती. तिने त्याला खांद्यावर घेतलं, मोडेम बंद केलं. पुढच्या खोलीत जाऊन रिसिव्हर उचलला, टोन ऐकला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

“लावा आई देवळ्याला. लाइन मोकळी आहे.”