शिट्टीवरचे वण

"हिच्या पोटातली गोळी परत फुगली! मैदानात धावायचं यांनी, आणि थुंकी पुसायची मी!" बेसिनपाशी उभी राहून पंचांची बायको करवादली. थुंकी त्यांची, बोलणी मात्र मला.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाची गोळी आहे. ती नाचली की मी वाजते. भिजून फुगली की माझी वाचा बसते. म्हणून सामना संपला की मला पुसून उन्हात ठेवायचं. एवढंच माझं पथ्य.

एका लहानशा कारखान्यात मला साच्यात दाबून, डाख देऊन, घासूनपुसून तयार केलं, आणि पंचांनी विकत घेतलं. पंच आठवडाभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायचे आणि रविवारी फुटबॉलचे सामने चालवायचे. त्यामुळे "पंच, चष्मा लावा!" अशी आरोळी आली की ते गालातल्या गालात हसत. घरी येऊन सांगत, "आज तीन गिऱ्हाइकं मिळाली." निर्णय चुकला तर चार शब्द ऐकायचे, हे त्यांना कबूल होतं.

पण दुसरेही शब्द येत. पंचांचे आजोबा कामासाठी परदेशातून इथे आले होते. पंच इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले. कातडीचा रंग तेवढा आजोबांचा राहिला. ते शब्द आले की पंच मान वळवत नसत. मला दातांखाली करकचून दाबत. माझ्या ओठावर एक खाच पडे.

सामन्यानंतर अहवाल भरावा लागतो. गोल किती, ताकीद कोणाला, दुखापत कोणाला. शेवटी एक चौकट असते: 'अपशब्द वापरले असल्यास नेमके शब्द लिहा.' पंचांचं अक्षर मोत्यासारखं. त्या चौकटीत ते सुबकपणे लिहीत, 'निरंक'. तेवढ्या वेळात बाजूचे दोन्ही पंच बुटांच्या नाड्या सोडण्यात गढून जात.

"कसा झाला सामना?" बायको विचारी.

"शांततेत."

तीही पुढे विचारत नसे. मला पुसताना तिचा अंगठा खाचांवरून जरा हळू फिरे, इतकंच. अशी अठरा वर्षं गेली. मग पंचांचा गुडघा गेला आणि माझी रवानगी खणात, तुटक्या बटणांच्या आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्यांच्या शेजारी झाली.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी पंचांच्या परीक्षेत पास झाली आणि तिने खण उघडला.

"बाबा, मला हीच हवी. पण हिच्या ओठावर हे काय?"

"जुनी आहे ती," पंच म्हणाले.

गेल्या रविवारी तिचा पहिला सामना होता. पंच दोरीपलीकडे उभे होते. उत्तरार्धात तिने पेनल्टी दिली. "चष्मा लाव गं!" कोणीतरी ओरडलं. ती बापासारखीच हसली. मग त्याच कोपऱ्यातून ते दुसरे शब्द आले. मी सवयीने ओठ घट्ट केला.

ती मला चावली नाही. तिने अशी फुंक मारली की माझी गोळी टाळूला लागली. खेळ थांबला. दोन्ही कप्तानांना बोलावून तिने सांगितलं, "आणखी एक शब्द आला तर सामना बंद." उरलेला खेळ मुकाट्याने झाला.

सामना संपल्यावर मैदानालगतच्या खोलीत, पंचांना सामने वाटून देणाऱ्या सेक्रेटरींनी तिच्यापुढे चहा ठेवला. माणूस वाईट नव्हता. "पोरी, त्या चौकटीत निरंक लिही आणि मोकळी हो. उगाच चौकश्या लागतील, मग तुला पुढचे सामने मी कुठल्या तोंडाने देऊ? खेळ म्हटला की चालायचंच. तुझ्या वडिलांनी अठरा वर्षांत एक शब्द तरी लिहिला का? हे काय, दारातच उभेत. विचार त्यांना."

मुलीचं पेन चौकटीवर थांबलं. तिने दाराकडे पाहिलं.

मित्रांनो, शिट्टी कोरडी ठेवलीत तर ती म्हातारपणीही वाजते. माणसाच्या घशात अडकलेल्या गोळीला कुठलं ऊन द्यायचं, ते मला ठाऊक नाही. ती सुटताना मात्र मी ऐकली.

"निरंक खोटं होतं, साहेब," पंच म्हणाले. मग मुलीकडे वळले. "लिही बाळ. 'काळे, चालती हो आपल्या देशात.' मला 'काळ्या' म्हणायचे, बाकी हेच. दर रविवारी. माझं घर या मैदानाच्या मागच्या गल्लीत आहे. आणि मला सगळं ऐकू येत होतं."