तिसरी विचारणा

नॉर्डलमधलं दुकान विकत घेण्याआधी ट्रेंट मेब्री फिनिक्सला लोकांना गारवा विकायचा. आता मिनेसोटात येऊन तो ऊब विकायला बसला होता, म्हणजे घरं तापवायच्या भट्ट्या बसवायच्या, दुरुस्त करायच्या आणि दर हिवाळ्याआधी साफ करून द्यायच्या. दुकानाबरोबर त्याला तीन मेकॅनिक मिळाले, दोन व्हॅन मिळाल्या आणि सत्तावीस वर्षं फोनवर बसलेली आर्लिस ट्वेट मिळाली.

आर्लिसच्या खणात अकराशे कार्डं होती, एका घराला एक. भट्टी कधी बसवली, फिल्टरचं माप काय, कुत्रा चावतो का, तळघराची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते. कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक रेघाही असायच्या. माणूस पाठवू का, असं विचारलं की एक रेघ, परत विचारलं की दुसरी. त्या रेघांकडे तिचं स्वतःचंही कधी नीट लक्ष गेलं नव्हतं.

ऑक्टोबरात ट्रेंटनं ग्राहक सांभाळणारं सॉफ्टवेअर आणलं. आर्लिसनं आधीच सांगून टाकलं होतं, "सगळी कार्डं त्यात भरून होईपर्यंत मी आहे. पुढे तुझं मशीन आणि तू." वय त्रेसष्ट, म्हणून ती नाक मुरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिला ते प्रकरण आवडलं. चावरे कुत्रे एका बटणात एका रांगेत येऊन उभे राहायचे, हे तर तिला फारच आवडलं.

"नवीन वर्षातही थांबा ना," ट्रेंट त्याच महिन्यात म्हणाला होता.

"छे, आता माझं काय काम?" ती म्हणाली.

डिसेंबरात दुकानातल्या जेवणाच्या वेळी, हातात बटाटा-खिम्याच्या हॉटडिशची ताटली घेऊन त्यानं परत विचारलं. "नको रे, तुझं चाललंय की छान," ती म्हणाली. ट्रेंटनं मान डोलावली. "ठीक आहे. तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो."

त्या दिवशी घरी जाताना आर्लिसला तोंडात मारल्यासारखं झालं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलायला रेडिओ होता, आणि तोही एकटाच बोलायचा. तिला थांबायचं होतं, अगदी मनापासून थांबायचं होतं. पण असं दोनदाच विचारल्यावर हो म्हणायचं? तेवढी ती निर्लज्ज नव्हती. तिनं वाट बघितली. नाताळ गेला, नवीन वर्ष उजाडलं, आणि ट्रेंट आदरच करत बसला.

जानेवारीत फोन शांत झाले. बाहेर शून्याखाली वीस, भट्ट्या रडायचे दिवस, आणि दुकानात मेकॅनिक पत्ते खेळतायत. मशीन रोज सकाळी आर्लिसला फोन करायची यादी द्यायचं. ती यादी आखडत आखडत सात-आठ नावांवर आली होती. नाव नाही म्हणजे काम झालं असणार, असं तिनं धरलं.

मग एका रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, तेव्हा तिला ओर्फा स्कोग्मो दिसली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तिसरा कप दोन्ही हातांत धरून बसली होती, आणि अंगातला कोट काढलेला नव्हता.

"घरी सगळं ठीक ना, मिसेस स्कोग्मो?"

"ठीकच म्हणायचं. गुरुवारपासून भट्टी जरा गप्प आहे. मी ओव्हन उघडा ठेवून स्वयंपाकघरात झोपते."

"गुरुवारपासून? मग फोन नाही का करायचा?"

"अगं, तुमचं पत्र आलं होतं ना," ओर्फा म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, फक्त ती कपात बघत होती. "तुमच्या इच्छेचा आदर करतो, यापुढे त्रास देणार नाही, असं. म्हटलं, बरोबर आहे, माणसं कामात असतात. आपणही देऊ नये."

आर्लिसला सगळं आठवलं. सप्टेंबरअखेर दरवर्षीसारखं तिनंच ओर्फाला विचारलं होतं, भट्टी साफ करायला माणूस पाठवू का? ओर्फा म्हणाली होती, नको गं, चाललीय की. पुढे नवीन मशीनवरून परत विचारलं, तर म्हणाली, अगं नको, तुम्हाला दुसरी कामं असतील. उत्तराच्या रकान्यात दोनच पर्याय होते. आर्लिसनं दोन्ही वेळचं 'नाही', पहिलं कार्ड भरताना आणि दुसरं फोनवर, स्वतःच्या बोटानं दाबलं होतं. दोन 'नाही' झाले की मशीन फाइल बंद करत होतं आणि आपणहून पत्र पाठवत होतं. तसं ट्रेंटनं ठरवून दिलं होतं.

तिनं तिथूनच ट्रेंटला फोन लावला. तो स्वतः व्हॅन घेऊन आला आणि दोघींना बसवून ओर्फाच्या घरी गेला. बर्नर काजळीनं बुजला होता, तासाभराचं काम. भट्टी पेटली तशी ओर्फानं खजुराच्या वड्यांची ताटली पुढे केली.

"नको, थँक्यू," ट्रेंट म्हणाला.

"एक तरी."

"खरंच नको. निघायचंय."

"अर्धी?"

त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात आर्लिसनं त्याच्या बुटावर पाय दिला. "घे," ती पुटपुटली. त्यानं घेतली. ओर्फाचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

व्हॅनमध्ये आर्लिसनं त्याला सांगितलं. आजवर कुणाला हे सांगायची वेळच आली नव्हती, त्यामुळे तिला जरा लाजल्यासारखं होत होतं.

"म्हणजे तीनदा विचारायचं?" ट्रेंट म्हणाला. "फिनिक्सला तिसऱ्यांदा विचारलं तर शिव्या घालतील. अहो, हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणावं ना."

"हावरटासारखं दिसतं."

"आणि खरोखरच नको असेल तर?"

"तर तिसऱ्यांदाही नको म्हणतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

ट्रेंटनं गाडी कडेला थांबवली. "किती फाइली बंद झाल्यात?"

आर्लिसनं त्याच्या फोनवर मशीनची यादी उघडून बघितली. "चारशे बारा."

"बाप रे."

सोमवारी त्यानं मशीनमध्ये दोनाचे तीन केले. आर्लिस फोनवर बसली. "तुमचा माणूस इकडे येणारच असेल तर..." असं एकेक घर म्हणत गेलं. बुधवारपर्यंत मेकॅनिकांचे पत्ते खणात गेले.

आणि शुक्रवारी अकराशेवं कार्ड भरून झालं. आर्लिसचा शेवटचा दिवस.

ट्रेंटनं केक आणला होता. तिला एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारून तुकडा हातात दिला आणि स्वतःवरच खूश होऊन हसला. गडी शहाणा झाला होता, पण केकपुरता. आर्लिसनं तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळून ठेवला.

पाच वाजता तिनं खण रिकामा केला. खिडकीतलं जिरेनियम, सत्तावीस वर्षांत तीनदा कुंडी बदललेलं, गाडीत नेऊन ठेवलं आणि हातमोजे घ्यायला परत आत आली. मग दारात उभं राहून व्हायचं ते बोलणं झालं. रस्ता निसरडा आहे. वारा पडेल रात्री. ओर्फाचा काल फोन आला होता, घर छान तापतं म्हणाली. तिनं हातमोजे चढवले, सावकाश, एकेक बोट.

"आर्लिस," ट्रेंट म्हणाला. "ऑक्टोबरात मी तुम्हाला विचारलं होतं. थांबता का म्हणून."

"विचारलं होतंस."

"आणि डिसेंबरात."

"हो."

तो आपल्या हाताकडे बघत होता. दोन बोटं वर आली होती, आणि कानापर्यंत तो लाल झाला. "मी तुमचीपण फाइल बंद केली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "थांबता का?"

आर्लिसला रडू आलं, आणि त्याचा भयंकर रागही आला. सहा आठवडे लावले होते या माणसानं.

"माझं झाड गाडीत आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटांत मरेल या थंडीत. ते आधी आत आण."

ट्रेंट कोट न घालताच पळाला. आर्लिसनं हातमोजे काढले आणि खिडकीतली जागा पुसून ठेवली.