बोटभर दुमड

"नीट उभी ऱ्हा गं भागे. वाकू नको."

नागपंचमी महिन्यावर आली होती. कानावर खडू खोचून पिराप्पा लेकीच्या परकराशी उकिडवा बसला होता. हुमनाबादच्या बसस्टँडमागे त्याचं शिलाई मशीन. गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, पण भागम्माचा परकर म्हटलं की बाकी सगळं बाजूला. परकर लांब शिवायचा, खालून दुमडून ठेवायचा आणि दर पंचमीला एकेक दुमड उसवायची, ही त्याची रीत. यंदा मात्र परकर अजून घोट्यालाच टेकत होता.

"उसवा की, अप्पा!"

"कामून उसवू? वाढलीसच न्हाई तू."

गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी भागीच्या दम्यासाठी तोंडातून ओढायचा फवारा दिला होता. त्यात स्टिरॉइड असतं, त्यानं पोरं खुजी राहतात, असं एक गिऱ्हाईक बोलून गेलं होतं. ते आठवून पिराप्पानं फवारा मशीनच्या खणात लपवला आणि बायकोला, पद्माबाईला, संपला म्हणून सांगितलं.

पंचमीला भागी झोक्यावरून उतरली ती धापा टाकतच. ओठ निळे पडले. लेकीला पोटाशी धरून पिराप्पा अनवाणीच गुलबर्ग्याच्या गाडीत चढला, मागोमाग पद्माबाई.

सुई टोचून, वाफ देऊन डॉक्टरांनी तिचा श्वास ताळ्यावर आणला. "फवारा कोणी बंद केला?"

"म्याच," पिराप्पा कसाबसा म्हणाला. "लेक ठेंगणी ऱ्हाईल म्हनून."

"राहिली तर बोटभर कमी राहील, पिराप्पा. दमा आवरला नाही तरी मूल खुरटतंच. फवारा ओढला की चूळ भरायला लावा, म्हणजे तोंड येणार नाही. आणि उंची मी मोजत जाईन, तुमच्या परकराचा भरवसा नको."

परतीच्या गाडीत पद्माबाई एवढंच म्हणाली, "बोटभर उंचीसाठी लेक घालवायला निघाला व्हता व्हय?" पिराप्पा भरल्या गाडीत रडला. त्याला लाज वाटली नाही.

पुढे फवारा रोज चालू राहिला आणि दुमडी उसवत गेल्या. शेवटची बोटभर तेवढी राहिली. भागी आईच्या कानाशी येऊन थांबली आणि कॉलेजला गुलबर्ग्याला गेली. जुना परकर वाकळीत घालताना पद्माबाईनं विचारलं, "ही दुमड उसवू का?"

"ऱ्हाऊ दे."

दिवाळीच्या सुटीत भागी दुपारची त्याच वाकळीवर झोपली होती. पिराप्पानं मशीन थांबवलं. तिचा श्वास संथ चालला होता. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पिराप्पा ऐकत बसला.