पायरीवरचं रक्त

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात सकाळपासून झुंबड उडाली होती. त्रिनेत्री बुवा दारोदार फिरून पायऱ्यांवर तांब्यातलं पिवळं तीर्थ शिंपडत होते. जत्रेसाठी नुकताच चुना मारलेली प्रत्येक पायरी रक्तासारखी लाल होत होती.

"करणी हाय," बुवा डोळे फिरवून सांगत. "घोंगडीवाल्या मेंढपाळांची. लेकरांवर टपल्यात."

सरपंच आप्पासोंची ग्रॅनाइटची पायरी मात्र पिवळीच राहिली. "पुण्यवान घर," बुवा म्हणाले आणि तिथंच जेवायला बसले.

दुपारी ग्रामसभेनं हात वर करून ठराव केला: लेकरांच्या रक्षणासाठी मेंढपाळांना गावबंदी. वर्षानुवर्षं ज्यांच्या मेंढ्या रानात बसवून आम्ही हळदीला खत मिळवलं, ते एका दिवसात पोरं धरणारे झाले. वेशीवर काठ्या घेऊन पहारा बसला.

दुसऱ्या दिवशी मेंढपाळांची सुलाबाई तापलेल्या नातवाला घेऊन आली. दवाखाना वेशीतून दिसत होता.

"आवं, जाऊ द्या. लेकरू लय फणफणलंय."

"ठराव हाय, मावशी," पहाऱ्यावरचा सयाजी म्हणाला.

कालव्यावरनं वळसा घालून ती मागच्या बाजूनं दवाखान्यात पोचेस्तोवर लेकराला आकडी आली. डॉक्टर मयूरीताईंनी त्याला कसंबसं वाचवलं. असं हे लेकरांचं रक्षण.

संतापलेल्या ताई तडक सरपंचांच्या दारी गेल्या. बुवांचा मुक्काम अजून तिथंच होता. बुवांचा तांब्या उचलून त्यांनी वास घेतला.

"हळद आहे. आप्पासो, तुमची चुन्याची डबी द्या."

तंबाखूच्या पिशवीतनं डबी निघाली. ताईंनी बोटभर चुना ग्रॅनाइटवर फासला, वर तीर्थ ओतलं. पुण्यवान पायरी लालभडक झाली. बुवा चपला शोधू लागले.

"हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो. हळद पिकवणाऱ्या गावाला हे मी सांगायचं?"

आप्पासोंनी बराच विचार केला. "मग चुन्यावर बंदी घालू या का?"

"आधी मेंढपाळांवरची उठवा."

"त्याला ग्रामसभा लागंल. पुढल्या म्हैन्यात बघू."

दुसऱ्या दिवशी लेकराला पुन्हा इंजेक्शन द्यायचं होतं. ताई स्वतः वेशीवर गेल्या. लेकरू कडेवर घेतलं, सुलाबाईचा हात धरला.

"ठराव मोडतेय. अडवा मला."

सयाजीनं मान खाली घालून वाट सोडली.

गावकऱ्यांनो, भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण हात वर करण्याआधी एवढं तरी विचारा: पुरावा काय, आणि या ठरावानं कुणाचं लेकरू मरेल?