खड्ड्याला पाणी कुणी घालायचं

तपासणीच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी पाजायचं असतं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण कवठेमहांकाळपासून जतपर्यंत हे ठाऊक नसलेला एक वायरमन दाखवा! इकडची जमीन कोरडी ठणठणीत. मशीनच्या अंगात चुकून वीज उतरलीच, तर ती तारेवाटे खड्ड्यात जावी आणि तिथून जमिनीत मुरावी, म्हणून पत्रा पुरून, मीठ-कोळसा भरून हा खड्डा केलेला असतो. ओला आहे तोवर तो वीज गिळतो. वाळला की तोंड मिटून घेतो. म्हणून साहेब यायचा म्हटलं की दोन पोती मीठ आणि अर्धा टँकर पाणी खड्ड्यात ओतायचं. साहेबाचं मीटर खूश, साहेब खूश. चार दिवसांनी खड्डा पुन्हा मूळपदावर.

सोपान बनसोडे या कामात तरबेज होता. मिरजेत शिकून त्यानं वायरमनचं लायसन काढलं, ते त्याच्या वस्तीतलं पहिलं लायसन. त्यानं ते काचेत बसवून दारासमोरच्या भिंतीला लावलं होतं. घरात शिरणाऱ्याला आधी लायसन दिसायचं, मग सोपानची बायको. गर्व म्हणा, पण तो फुकटचा नव्हता. ज्या वाड्यांच्या उंबऱ्यापाशी त्याचा बाप बाहेर उभा राहायचा, त्याच वाड्यांच्या माजघरात आता सोपानला 'आत या, बघा जरा, फ्यूज गेलाय' म्हणून बोलावणं यायचं.

नोकरीला तो उदयसिंहांकडे. उदयसिंहांचा बेदाण्याचा कारखाना, आणि बाजूच्याच शेडमध्ये बेदाणा धुण्याची मशिनं तयार व्हायची. सांगलीची एक मोठी कंपनी दहा मशिनं घ्यायला तयार होती. अट एकच, मशीन सुरक्षित असल्याचा दाखला पाहिजे. आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. नमुन्याचं मशीन त्यांच्याच कारखान्यात बेदाणा धुवायला वापरत. त्याच्या मोटारीचा वेग कमी-जास्त करायला जो ड्राइव्ह बसवला होता, तो चालू झाला की शेजारचा वजनकाटा पिसाळायचा. रिकाम्या पारड्यात सात किलो दाखवायचा. उदयसिंहांना आधी याची मोठी मौज वाटली. "काटा आपल्या बाजूनं हाय की रं," असं ते म्हणायचे. दाखल्याची वेळ आली तेव्हा मौज संपली.

साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेतून समीक्षा नावाची इंजिनियर मुलगी आली. तिशीच्या आतली, पण कामाला चोख. दोन दिवस अँटेना लावून ती मशीनभोवती फिरली आणि म्हणाली, "तुमचं मशीन तारेतून आणि हवेतून विजेची घाण सोडतंय. आज काटा नाचतोय, उद्या दुसऱ्याचं मशीन आपोआप चालू होईल." तिच्या सांगण्यावरून सोपाननं ड्राइव्हच्या पुढं फिल्टरचा डबा बसवला. काटा शहाण्यासारखा शून्यावर उभा राहिला.

मग तिनं सोपानला बाजूला घेतलं. "सोपानराव, नीट ऐका. हा फिल्टर ती घाण गाळून अर्थिंगच्या तारेत सोडतो. म्हणजे थोडी वीज त्या तारेत कायम राहणार. अर्थिंग चांगलं असलं तर चिंता नाही. बिघडलं, तर तीच वीज मशीनच्या पत्र्यावर येऊन बसेल. म्हणून वीज गळताच मशीन बंद पाडणारा हा ट्रिप लावलाय. तो पडला, तर त्याला गप्प करू नका. का पडला ते शोधा."

"व्हय मॅडम," सोपान म्हणाला. कळलं नाही असं काही नव्हतं. पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

खड्डा मोजायला ती मागच्या अंगणात गेली. मीटर फार सुंदर बोललं. तिनं चिखलाकडं पाहिलं. "काल पाऊस झाला का इथे?"

"न्हाई मॅडम. टँकर गळत हुता."

"रोज पाणी लागेल याला. कोण घालतं?"

सोपाननं इकडं तिकडं पाहिलं. धुण्याच्या हौदाशी भामाबाई हात पुसत उभी होती. पन्नाशीची, माणदेशाकडून मेंढरं घेऊन आलेल्या आणि इथंच थांबलेल्या घरातली. "ह्या काय, भामामावशी. ह्याच घालत्यात रोज," सोपान म्हणाला. भामाबाईनं कशाला ते न कळताच मान डोलावली. समीक्षानं तिला पूर्ण नाव विचारलं आणि अहवालात लिहिलं: अर्थिंगच्या खड्ड्याला रोज पाणी घालणे, जबाबदार व्यक्ती भामाबाई बिरदेव पुजारी.

ती गेल्यावर भामाबाई सोपानच्या मागं लागली. "सोपानभाऊ, माजं नाव लिव्हलं व्हय कागदावर? इंग्रजीत?"

"लिव्हलं की."

"कशापायी?"

"खड्ड्याला पानी घालायचं काम तुमचं म्हणून."

सोपान हसत सांगत होता. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी अर्धा तास लवकर यायची, दोन घागरी खड्ड्यात ओतायची आणि मगच मशीनला हात लावायची. कुणी चेष्टा केली तर म्हणायची, "माज्या नावावर हाय ते." सोपानच्या उभ्या नोकरीत तो खड्डा सलग दोन महिने ओला राहिला, तो त्या बाईमुळं. ज्याला लायसन होतं त्यानं कधी हे केलं नव्हतं.

मार्च सरला आणि हंगाम ऐन भरात आला. मशीन दिवसभर चालायला लागलं, आणि ट्रिपही दिवसातून दहा-दहा वेळा पडायला लागला. फिल्टरची वीज, त्यात कुठं मोटारीत ओल शिरलेली. तो शोध घ्यायचा तर मशीन दोन दिवस उघडून ठेवायला हवं. सोपान तसं म्हणालाही. उदयसिंहांनी मान वर न करता विचारलं, "तू वायरमन हायस का ज्योतिषी? तो ट्रिप गप कर."

सोपाननं वीतभर तार घेतली आणि ट्रिपच्या दोन टोकांना जोडून टाकली. आता काहीही झालं तरी मशीन बंद पडणार नव्हतं. हंगाम संपला की काढू, असं त्यानं स्वतःला बजावलं. असं बजावणारे लोक मला फार माहीत आहेत. हंगाम संपतो, तार राहते.

एप्रिलात टँकर दोन दिवसांआड येऊ लागला. पिण्याच्या पाण्यावरून बायकांत भांडणं सुरू झाली आणि उदयसिंह सोपानवर घसरले. सोपान भामाबाईवर. "मावशी, मानसास्नी प्यायला न्हाई आन तुमी खड्ड्यात घागरी वतताय?"

"आवं पर कागदावर माजं नाव हाय न्हवं?"

"त्ये तपासणीपुरतं हुतं. मी सांगतो, बंद करा."

तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "आज अर्धी घागर तरी?" सोपाननं नको म्हटलं. मग तिनं विचारणं सोडलं. आठवड्यानं ती एवढंच म्हणाली, "मशीनला हात लावला की मुंग्या येत्यात बगा, कोपरापतूर."

त्या वाक्याचा अर्थ त्या सबंध कारखान्यात एकाच माणसाला कळत होता. तो म्हणाला, "चप्पल घालून उभ्या ऱ्हात जावा."

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मशीनच्या ड्रमला चिकटलेला बेदाणा काढायला भामाबाई आत वाकली आणि तशीच राहिली. ओरडलीसुद्धा नाही. सोपाननं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला तेव्हा ती ओल्या फरशीवर कोसळली. चपला तिच्या पायात होत्या, पण त्याही भिजून चिंब. बायकांनी आणि ड्रायव्हरनं तिला जीपमध्ये घातलं. जीप फाटकाबाहेर पडायच्या आत ती वीतभर तार सोपानच्या खिशात होती. मिरजेला डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

अपघाताच्या चौकशीला सरकारी वीज निरीक्षक यायच्या आधी उदयसिंहांनी सोपानला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज चढवला नाही. "सोपान, मॅडमच्या ह्या कागदात दोनच नावं हायती. जोडणी केली म्हणून तुझी सही, पाणी घालायचं म्हणून तिचं नाव. तिसरं नाव ह्यात न्हाई. आता चूक तुझी का तिची, ते तू ठरव. लायसन तुझं हाय."

सोपानला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्यानं धरला नाही. भिंतीवरची काच त्याच्या डोळ्यापुढं आली, आणि त्या काचेची त्याला शरम वाटली. पण शरम वाटणं वेगळं आणि काच उतरवून ठेवणं वेगळं.

निरीक्षकांनी ट्रिप तपासला. ठणठणीत. खड्डा मोजला. कोरडा. अहवाल वाचला आणि सोपानचा जबाब घेतला. खड्ड्याला पाणी घालायचं काम मयत बाईकडं होतं. गेले काही दिवस ती पाणी घालत नव्हती. शब्द न् शब्द खरा!

"का घालत नव्हती?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई, साहेब."

"आणि ट्रिप का पडला नाही?"

"अडकतोय कवा कवा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्यासी आधीच मेला होता, त्यामुळं काम आणखी सोपं झालं. दोन दिवसांनी समीक्षाचा फोन आला. "सोपानराव, मला खरं सांगा. ट्रिप बायपास केला होता का?"

"न्हाई मॅडम."

ती म्हणाली, "मी त्या बाईंचं नाव लिहायला नको होतं. ओली माती दिसत होती मला."

"तुमची काय चूक त्यात, मॅडम," सोपाननं तिची समजूत घातली. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

मशीन पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवशी ट्रिप सहा वेळा पडला, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. उदयसिंह शेडच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. तिसऱ्या दिवशी तार पुन्हा जागेवर गेली.

भामाबाईचे दिवस घालून झाल्यावर तिचा नवरा बिरदेव कारखान्यात आला. सत्तरीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस. मागं पदर सावरत एक तरणी बाई. सोपान शेडजवळ उभा होता. पळून जावं असं त्याला वाटलं, पण म्हाताऱ्यानं हात जोडले होते.

"सोपानभाऊ, आमच्या मानसाकडनं चूक झाली," बिरदेव म्हणाला. "तुमास्नी लय तरास झाला. सरकारी मानसं आली, जबान्या झाल्या."

"तात्या, असं कायतरी काय बोलताय."

"न्हाई, खरं हाय ते. मला वाचून दावलं त्यांनी. घरी तर शेवटपतूर सांगत हुती, रोज घालत्ये म्हणून. खोटं बोलायची न्हाई ओ ती. का बोलली, तेवढं कळंना."

सोपानला कळत होतं. काम काढून घेतलं, हे घरी सांगायची तिला लाज वाटली होती. एवढं एक वाक्य म्हाताऱ्याला सांगायचं होतं, 'मी बंद करायला लावलं.' त्यानं वर पाहिलं. केबिनच्या काचेतून उदयसिंह पाहत होते.

"ही आमची सून, सोनिया," बिरदेव म्हणाला. "तिच्या जागी हिला घ्या. त्याच मशिनीवर. पोरगी कामाला चांगली हाय, सांगशिला ते इसरायची न्हाई."

सोनियानं मान खाली घातली होती. पायात नवीकोरी रबरी चप्पल होती. शेडमध्ये मशीन घरघरत होतं.

"उद्यापास्नं धाडा," सोपान म्हणाला.

"उपकार झालं," म्हणत वयानं बापासारखा असलेला तो माणूस वाकला आणि सोपानच्या पाया पडला. सोपाननं पडू दिलं.